आम्लारी, अल्क आणि आम्ही

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला 'आम्लारी' हा शब्द भेटलेला असतो. आम्लाचा अरि, म्हणजे शत्रू, तो आम्लारी. उर्दू माध्यमात शिकणारी आमची भावंडं त्याच पदार्थाला 'असास' म्हणायची. असास म्हणजे पाया. इंग्रजीतल्या 'बेस'चा अर्थही तोच. एकाच घरात, एकाच चटईवर बसून अभ्यास करताना आमच्यापैकी एक जण त्याला शत्रू म्हणायचा आणि दुसरा पाया. अम्मीला दोन्ही शब्द ठाऊक नव्हते. पापडखार, खायचा सोडा, पानाचा चुना आणि भांडी घासायची राख मात्र तिच्या हाताखाली रोज असायची, आणि हे सगळे आम्लारीच.

पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला आपली पाठ्यपुस्तकं 'अल्क' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल्-किली'वरून आला. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख म्हणजे किली. ती पाण्यात कालवून, गाळून जे तिखट द्रावण मिळे, त्यातून साबण आणि काच बनत असे. 'किमया' हा मराठी शब्दही अरबी 'कीमिया'चाच. जलशांच्या व्यासपीठांवरून जाबिर बिन हय्यानचं नाव अभिमानानं घेतलं जातं, ते घ्यावंच. मात्र आम्ही रोज ज्यांच्याबरोबर कामाला जातो, त्या पोरांना समोरच्या ड्रममध्ये काय आहे हे कोणी सांगत नाही, ही बोच त्या अभिमानानं कमी होत नाही. हा लेख त्या ड्रमविषयी आहे.

चाकण म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आणि मोटारींचे कारखाने आठवतात. या पट्ट्यातली रसायनं त्याआधीची आहेत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती, आणि 1955 पासून तिथं पेनिसिलीन बनू लागलं. आजही रिक्षावाल्याला 'एच.ए.' एवढं सांगितलं की पुरतं. पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंचं एक नाजूक कडं असतं. तीव्र अल्क लागला की ते कडं उघडतं आणि औषध निकामी होतं. म्हणजे आमच्या गावच्या औषधनिर्मितीची सुरुवातच अशा रेणूपासून झाली, ज्याला तीव्र आम्लारीपासून जपावं लागतं.

तरीही औषधं घडवायला तीव्र आम्लारी लागतात. कार्बनच्या कड्यावरचा एखादा हायड्रोजन काढायचा आणि तिथं नवा तुकडा जोडायचा, हे औषध बनवणाऱ्याचं नेहमीचं काम. तो हायड्रोजन सहजी सुटत नाही. पापडखार किंवा कॉस्टिक सोडा तिथं काहीच करू शकत नाही. त्यासाठी रसायनतज्ज्ञ बहुधा 'एलडीए' हा लिथियमचा आम्लारी वापरतात. तो जोरकस आहे, पण त्याला अनेकदा उणे 78 अंशांवर, कोरड्या बर्फाच्या थंडीत ठेवावं लागतं. तापमान वाढलं की नको त्या क्रिया सुरू होतात. काचेच्या चंबूत ही थंडी राखणं सोपं, हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये महागडं.

इथं मॅग्नेशियम उपयोगी पडतं. शाळेत जिची फीत जाळून डोळे दिपवणारा पांढरा उजेड पाहिला, तीच ही धातू. हिरव्या पानाच्या हरितद्रव्यातही ती असते. व्हिक्टर ग्रिन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1900 साली कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमची संयुगं बनवून दाखवली आणि 1912 मध्ये त्याला नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या चार्ल्स हाउझरनं 1947 साली मॅग्नेशियमला नायट्रोजनच्या संयुगाशी, म्हणजे अमाइनशी, जोडून वापरलं. हे 'हाउझर बेस'. ते सौम्य होते, पण नीट विरघळत नसत, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त घालावे लागत. पुढं 2006 साली जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठात पॉल क्नोखेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात लिथियम क्लोराइड हे साधं मीठ मिसळलं. मिठामुळं रेणूंचे गठ्ठे सुटले, आम्लारी चांगला विरघळू लागला आणि बरीच कामं शून्य ते पंचवीस अंशांवर होऊ लागली.

या आम्लारीतल्या नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिथिल गट पहारा देतात. दोन्ही खांद्यांवर पोती घेतलेला हमाल अरुंद बोळात शिरू शकत नाही, पण बोळाच्या तोंडाशी ठेवलेली वस्तू हात लांबवून उचलतो. हा आम्लारीही तसाच. बाहेरचा हायड्रोजन उचलतो, आणि रेणूतल्या एस्टरसारख्या नाजूक भागाला धक्का लावत नाही.

त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे पाणी. जुलैत आमच्या भागात भिंती ओल्या होतात, मीठ पाझरतं, धुतलेले कपडे चार दिवस वाळत नाहीत. त्या हवेत हा आम्लारी बनवायचा. ज्या द्रावकात तो बनतो तो टीएचएफ आधी सोडियम आणि बेंझोफिनोन घालून उकळायचा. द्रावक कोरडा झाला की गडद निळा रंग येतो. तो निळा दिसेपर्यंत पुढं जायचं नाही. मग नायट्रोजनच्या आवरणाखाली मॅग्नेशियमच्या द्रावणात अमाइन सोडायचं. त्यातून प्रोपेन वायू निघतो, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो त्यातलाच. त्याला सुरक्षित वाट करून द्यावी लागते. चोवीस तासांनी थोडा नमुना काढून तोलून घेतलेल्या बेंझॉइक आम्लाशी ताडून पाहायचा, म्हणजे आम्लारीची खरी ताकद कळते. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

हे सगळं आम्ही शिकलो ते इंग्रजी पुस्तकांतून. रिॲक्टरजवळ उभी असलेली पोरं बीड, लातूर, उस्मानाबादकडून आलेली, भोसरी-काळेवाडीच्या खोल्यांत चौघं-पाचजण मिळून राहणारी. बहुतेक कंत्राटी. त्यांत आपली पोरं बरीच. आमच्यातल्या काहींनी पूर्वी जिथं काम केलं, त्या एका कंपनीत ड्रमवरची सूचना फक्त इंग्रजीत होती आणि प्रशिक्षण म्हणजे एका कागदावर सही. पोरं ड्रमला त्याच्या झाकणाच्या रंगावरून ओळखायची.

अशा पदार्थांपुढं शिकलेलेही सुटत नाहीत. डिसेंबर 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात 23 वर्षांची एक संशोधन सहायक टर्ट-ब्यूटिल लिथियम सिरिंजमध्ये ओढत होती. दट्ट्या निसटला, द्रावण हवेत पेटलं, तिचा स्वेटर पेटला. जानेवारीत ती गेली. अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. ती पदवीधर होती. मग सहीपुरतं प्रशिक्षण मिळालेल्या पोराचं काय?

म्हणून आम्ही दोघा-तिघांनी जेवणाच्या सुट्टीत बोलायला सुरुवात केली. अर्धं मराठी, अर्धं दखनी. शुद्ध शब्दांचा हट्ट सोडला. नायट्रोजन कशासाठी, तर हवा आणि ओल बाहेर ठेवायला. उरलेल्या आम्लारीचं काय करायचं, तर थंड करून, पातळ करून, थेंबथेंब अल्कोहोल घालून आधी शमवायचा, पाणी सगळ्यात शेवटी. पोरांनी विचारलेले प्रश्न कुठल्याही कॉलेजात शोभतील असे होते. "मॅग्नेशियम जळताना पाणी टाकलं तर का भडकतं?" "मीठ टाकून ताकद वाढते, मग नुसतं मीठ का नाही चालत?"

त्यानंतर काही महिन्यांनी रात्रपाळीत एका ड्रमच्या तळाशी थोडं द्रावण राहिलं होतं. सुपरवायझर नवा होता. त्यानं पाइप लावून ड्रम धुवायला सांगितलं. दहावी झालेला आमचा एक पोरगा ड्रमपुढं आडवा उभा राहिला. "ठैरो साब, इसको पानी नै चलता." सुपरवायझर चिडला, पण थांबला. शिफ्टच्या केमिस्टला बोलावलं गेलं. ड्रम रीतसर शमवला आणि पहाटे सगळे घरी गेले. या घटनेची कुठंही नोंद झाली नाही, कारण काही घडलंच नाही.

आपल्या समाजात शिक्षणाच्या गोष्टी निघतात तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर आणि अधिकारी यांच्या यशाचे सत्कार होतात. ते जरूर व्हावेत. त्याचबरोबर दहावीवर थांबलेल्या आणि शिफ्टला जाणाऱ्या पोरांकडंही पाहावं. विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या भाई-बहिणींना आमची विनंती आहे. महिन्यातून एखादा रविवार द्यावा, मोहल्ल्यातल्या एखाद्या खोलीत बसावं, आणि पोरं ज्या ड्रमजवळ उभी असतात त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचून दाखवावं. उर्दू आणि मराठी, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत. आमच्याकडं अशी चाळीसेक शब्दांची वही तयार आहे. कोणी मागितली तर झेरॉक्स करून देऊ.