रथ गेले, घोडे आले

आपल्या युद्धकलेला परकीयांकडून शिकण्यासारखं काही नव्हतंच, असा मेसेज परवा पुन्हा फिरत होता. मंडळी, झेलमची लढाई एकदा नीट वाचा.

इ.स.पू. ३२६. रात्रीच्या पावसात सिकंदर नदी ओलांडतो. पोरसाचा मुलगा रथ घेऊन अडवायला धावतो आणि रथ चिखलात रुततात. मुख्य लढाईत पोरसाच्या डाव्या बगलेवर पहिला मारा केला तो मध्य आशियातल्या हजारभर घोडेस्वार तिरंदाजांनी. आपला तिरंदाज मात्र पायदळातला. धनुष्याचं टोक जमिनीला टेकवून, डाव्या पायाने दाबून बाण सोडायचा. बाण ढाल-चिलखत फोडणारा, पण पायाखाली निसरडं झालं की संपलं. (पोरस शूर होता, त्यात वादच नाही.)

रथ लगेच गेले नाहीत, मौर्यांकडेही होते. पण मग शक, कुषाण आले, तेही घोड्यावर स्वार होऊन. त्यांच्याशी लढता लढता आपण बदललो, यात कमीपणा कसला? पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांना संपवणारा दुसरा चंद्रगुप्त सोन्याच्या नाण्यावर घोड्यावर बसलेला दिसतो. गुप्तांच्या कितीतरी नाण्यांवर राजाच्या अंगात चक्क कुषाणी धाटणीचा कोट नि विजार आहे! मालिकावाले बसलेत अजून रथ पळवत.