बंबांतलें पुस्तक

गेल्या उन्हाळ्यांत मी मुलाकडे न्यू जर्सीस राहावयास गेलों होतों. एके दुपारीं माझी तेरा वर्षांची नात कोचावर पाय दुमडून वाचीत बसली होती. डोकावून पाहतों तों चित्रकथेचें पुस्तक! सारीं उंदरामांजरांचीं चित्रें. "अग, एवढी मोठी झालीस आणि अजून उंदरामांजरांच्या गोष्टी वाचतेस?" असें मीं हसत विचारलें. तिनें मान वर न करतांच उत्तर दिलें, "आजोबा, तुम्हीं हें वाचलें आहे का?"

प्रश्न साधा होता. पण तो मला चाळीस वर्षें मागें घेऊन गेला. पुण्याच्या आमच्या वाड्यांत त्या काळीं रोज पहाटे तांब्याचा बंब पेटे. १९८२ सालीं एके दिवशीं वर्तमानपत्रांत, चित्रकथांमुळें मुलें बिघडतात, असा एक खरमरीत लेख मीं वाचला. त्याच संध्याकाळीं मुलाच्या दप्तरांत वेताळाचें एक पुस्तक सांपडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें बंबांत गेलें. मीं त्याचें एक पानहि उलटलें नव्हतें. मुलगा दहा वर्षांचा होता. तो कांहीं बोलला नाहीं.

नातीच्या हातांतील पुस्तक म्हणजे आर्ट स्पीगेलमन यांचें 'माउस'. हिटलरच्या छळछावण्यांतून वांचलेल्या आपल्या पित्याची कहाणी लेखकानें त्यांत सांगितली आहे. ज्यू तेवढे उंदीर आणि जर्मन तेवढीं मांजरें. या कृतीला १९९२ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. दोन रात्री जागून मीं तें वाचलें. मग अमेरिकेंतील चित्रकथांचा पूर्वेतिहास धुंडाळूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, माझ्या बंबाची परंपरा बरीच मोठी आहे!

१९४८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन गांवीं एका शाळेच्या मुलांनीं सुमारें २,००० चित्रकथांची होळी केली. पुढें १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्टम या मानसरोगतज्ज्ञांनीं एक ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचें खापर चित्रकथांवर फोडलें. हे गृहस्थ दुष्ट नव्हते. हार्लेम वस्तींत गरीब कृष्णवर्णीयांसाठीं ते दवाखाना चालवीत. परंतु मासिकांनीं त्यांचें म्हणणें उचलून धरलें, आईबाप घाबरले आणि सेनेटच्या समितीपुढें चौकशी सुरू झाली. विल्यम गेन्स या प्रकाशकासमोर तुटलेल्या शिराचें एक मुखपृष्ठ धरण्यांत आलें. भयकथेच्या मानानें तें सुरुचीला धरूनच आहे, असें त्यानें सांगितलें, आणि सर्वत्र त्याची छी-थू झाली.

नवल हें कीं, सरकारनें बंदीचा कायदा केलाच नाहीं. भ्यालेल्या प्रकाशकांनींच त्याच वर्षीं आपल्यावर नियमावली लादून घेतली. मथळ्यांत भयाचा उच्चार नको, घटस्फोटाची थट्टा नको, अधिकाऱ्यांची अप्रतिष्ठा नको! ज्यावर मंजुरीचा शिक्का नाहीं तें मासिक पुष्कळ विक्रेते ठेवीनात. कित्येक प्रकाशक बुडाले.

या पहाऱ्याचा एक मासला पाहा. १९५६ सालीं गेन्स यांनीं एक जुनी गोष्ट पुन्हां छापावयास घेतली. पृथ्वीवरचा एक प्रवासी यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तेथें नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हीन लेखतात, हें पाहून तो परत फिरतो. अखेरच्या चित्रांत तो शिरस्त्राण काढतो आणि कळतें कीं, तो स्वतः कृष्णवर्णीय आहे. नियामकांचा आक्षेप आला: तो कृष्णवर्णीय नको! नीतीच्या रक्षणासाठीं बसविलेला पहारेकरी नीतीचीच वाट अडवून बसला. गेन्स हटले नाहींत; गोष्ट जशीच्या तशी छापली गेली. तेंच त्यांचें शेवटचें चित्रकथांचें पुस्तक.

ही नियमावली २०११ सालीं संपली. पुढच्याच वर्षीं कॅरोल टिली या संशोधिकेनें वर्टम यांचे जुने कागद तपासून दाखविलें कीं, मुलांच्या ज्या जबान्यांवर तो ग्रंथ उभा होता, त्यांत डॉक्टरांनीं फेरफार केले होते. तेव्हां होळ्या विझून साठ वर्षें झालीं होतीं.

पण आजहि तेथें तेंच चालू आहे. २०२१ सालीं डॉ. स्यूस यांच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेनें त्यांचीं सहा बालपुस्तकें यापुढें न छापण्याचें ठरविलें, कारण त्यांतील कांहीं चित्रें इतर वंशांच्या लोकांना अपमानकारक होतीं. प्रश्न शांतपणें विचार करण्याजोगा होता. परंतु दूरचित्रवाणीवर कित्येक दिवस आरडाओरडा झाला, जणुं सरकारनेंच बंदी घातली! पुढच्याच वर्षीं टेनेसींतील मॅकमिन परगण्याच्या शाळामंडळानें दहा विरुद्ध शून्य मतांनीं 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमांतून काढलें. आक्षेप आठ अपशब्दांवर आणि एका नग्न चित्रावर. पुन्हां गदारोळ, आणि दोन्ही वेळां पुस्तकांवर गिऱ्हाइकांची झुंबड! पक्ष बदलतात, पण दोन्हीकडच्या ओरडणाऱ्यांपैकीं पुस्तक उघडलेले किती असतील?

मुलांनीं कांहींहि वाचावें, असें माझें म्हणणें नाहीं. त्यांच्या हातांत काय आहे तें पाहणें वडीलधाऱ्यांचें कामच आहे. पण पाहावयाचें तर आधीं वाचलें पाहिजे. लेख वाचून येणारा राग आपला नसतो. तो लिहिणाऱ्याचा असतो, आणि त्यावर त्याचा अंक खपतो.

परत निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं मुलाजवळ बंबाची गोष्ट काढली. त्याला ती आठवत नसेल, अशी माझी समजूत होती. तो म्हणाला, "बाबा, तें पुस्तक माझें नव्हतें. कोपऱ्यावरच्या वाचनालयाचें होतें. त्यांनीं माझी पांच रुपये अनामत ठेवून घेतली. पुन्हां नांव घालायला तुमच्याजवळ पैसे कसे मागायचे, म्हणून मी तिकडे जाणेंच सोडलें."

थोड्या वेळानें मीं विचारलें, "काय रे होतें त्या पुस्तकांत?"

त्यानें सारी गोष्ट मोठ्या हौसेनें सांगितली. शेवट मात्र त्याला सांगतां आला नाहीं. तो वाचावयाचा राहिला होता.