तुतीला औषध, अळीला विष

जॉर्जिया म्हटलं की लोकांना पीच आठवतात, भुईमुगाच्या शेंगा आठवतात, फार तर कोका-कोला. तुती कुणालाच आठवत नाही. वास्तविक या राज्याचा जन्मच रेशमाच्या आशेवर झाला. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प पहिल्या वसाहतकऱ्यांना घेऊन सव्हानाच्या किनाऱ्याला आला, तेव्हा लंडनमधल्या विश्वस्तांच्या शिक्क्यावर तुतीचं पान, अळी आणि कोष होते. सोबत लॅटिन ब्रीदवाक्य : ‘स्वतःसाठी नव्हे, इतरांसाठी.’ जमीन घेणाऱ्याने तुती लावलीच पाहिजे, अशी अट असे. १७३५ साली इंग्लंडच्या कॅरोलाइन राणीने जॉर्जियाच्या रेशमाचा पोशाख घातला. पुढे भात आणि कापसापुढे रेशमाचा टिकाव लागला नाही. रेशीम गेलं, पण आशियातून आलेली पांढरी तुती मात्र इथेच राहिली आणि कुंपणाकडेला आपली आपण उगवत राहिली. बाहेरून येऊन इथल्या मातीत रुजलेल्या या झाडाबद्दल आपल्या मंडळींना आपुलकी वाटली तर नवल नाही!

अल्फारेटाला घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणाशी असंच एक झाड आम्हाला आयतं मिळालं. आम्ही उभयता २००४ साली एम.एस. करायला इकडे आलो, दोघंही इंजिनियर. झाडांचं ज्ञान तुळशीपुरतं. पण लेकीच्या वर्गात रेशमाच्या अळ्या आल्या आणि पाला पुरवण्याचं काम आपसूक आमच्याकडे आलं. तिकडे आमचे थोरले मामेभाऊ, म्हणजे दादा, गेवराई तालुक्यात दोन एकर तुती करतात. त्यामुळे शंका आली की लावला दादांना फोन, असं सुरू झालं.

दादांकडून पहिली गोष्ट कळली ती ही, की तुतीचं पीक म्हणजे पान. टोमॅटोच्या पानावर चार ठिपके पडले तरी टोमॅटो विकता येतो. तुतीचं पानच बिघडलं तर मागे काय उरतं? ठिपक्यांच्या पानात ओलावा कमी, प्रथिनं कमी. असं पान खाऊन अळी अशक्त होते आणि कोष हलका भरतो. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके, थंडीत पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुरी, जुन्या पानांवर तांबेरा. या सगळ्या बुरशी. आणि सर्वांत वाईट ती मूळकुज. हिरवंगार झाड बघता बघता सुकतं, उपटून पाहावं तर मुळाची साल कुजलेली. तिला पानांवरची फवारणी उपयोगाची नाही. ते झाड मुळासकट काढून जाळायचं, त्या जागी शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा बुरशी घालायची, आणि तिथे वापरलेलं खुरपं-कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या ओळीत न्यायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुरशीवर औषधं आहेत की! आहेत ना. अडचण अशी, की दुकानदार औषध देतो ते झाडाला, आणि ते जेवते अळी. रेशमाची अळी हजारो वर्षं माणसाच्या हातावर वाढलेली. कीटकनाशकाचा अंश तिला सोसत नाही. बुरशीनाशक त्या मानाने सौम्य, पण त्यालाही फवारणीनंतर ठरावीक दिवस पाला न तोडण्याचं बंधन असतंच, आणि ते दिवस औषधागणिक वेगळे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये दादांचा फोन आला. आठवडाभर पावसाची झड लागलेली, तुतीवर ठिपके पसरत चाललेले, आणि आठ दिवसांनी चॉकी केंद्रातून दोनशे अंडीपुंजांच्या अळ्या यायच्या होत्या. एका अंडीपुंजात चारपाचशे अंडी, म्हणजे पाहुणे किती ते तुम्हीच मोजा. दुकानदार म्हणत होता, बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच पंपात घालून सगळं रान मारून घ्या, एका दिवसात मोकळे. दादा म्हणाले, “तुम्ही दोघं एवढे शिकलेले, सांगा बरं काय करू? ही बॅच गेली तर पोरीच्या इंजिनियरिंगची फी कशी भरू?”

आम्हाला शेतीतलं काय कळणार? पण वेळापत्रक कळतं. आम्ही दादांना विचारलं, कुठल्या दिवशी कुठल्या तुकड्यातला पाला कापणार? चॉकीनंतर अळ्या साधारण अठरा-वीस दिवस खातात. त्यातही कोष करण्याआधीची शेवटची, पाचवी अवस्था एकटीच आयुष्यभरातल्या खाण्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा फस्त करते. म्हणजे बहुतेक पाला लागणार तो शेवटच्या आठवड्यात. फोनवर बोलत बोलतच तक्ता मांडला. ज्या तुकड्याची पाळी शेवटी, तिथे आजच कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची फवारणी, म्हणजे मध्ये दोन आठवड्यांहून जास्त अंतर पडतं. ज्याची पाळी आधी, तिथे काहीच मारायचं नाही, फक्त खालची ठिपकेदार पानं काढून बांधाबाहेर पुरायची, ओळींत हवा खेळू द्यायची. कीटकनाशक कुठेच नाही.

दादांनी त्यात दोन गोष्टींची भर घातली, त्या आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. एक, पंप. “ज्या पंपाने कापूस मारला, तो तुतीत आणायचा नाही. कितीही धुतला तरी नाही.” दुसरी, बांधावरच्या ओळी. शेजारच्या कापसावर फवारा उडाला की वाऱ्याने तो इकडे येतोच, म्हणून कडेच्या दोन ओळींचा पाला अळ्यांना घालायचा नाही. आणि चांगला पाला कमी पडणार म्हणून त्यांनी केंद्राला कळवलं, दोनशे नको, दीडशेच द्या. पन्नास अंडीपुंजांवर पाणी सोडायला जीव तुटला, ते आवाजावरून कळत होतं. पण दीडशेची बॅच निभावली आणि नव्वद किलोच्या वर कोष निघाले. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागे, २०१८ पासून जालन्याला बाजार झाला. तिथे कोष गेले आणि फी वेळेवर भरली गेली.

त्या फोनमधली बांधाची गोष्ट मात्र आमच्या डोक्यात राहिली, कारण आमच्याही कुंपणापलीकडे शेजारी आहे. अल्फारेटाच्या उन्हाळ्यात डास फार. दर तीन आठवड्यांनी शेजाऱ्यांकडे एक माणूस पाठीवर यंत्र घेऊन यायचा आणि झुडपांवर धूर मारून जायचा. त्या औषधात बहुधा पायरेथ्रॉइड असतं, आणि रेशमाच्या अळीला ते पुरेसं आहे. आम्ही एका संध्याकाळी चकल्यांचा डबा घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो आणि लेकीच्या अळ्यांचा खोका दाखवला. त्यांनी कुंपणाची बाजू सोडून फवारायला सांगितलं, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी ते आम्हाला मेसेज करतात. आम्हीही कुंपणावर लोंबणाऱ्या फांद्यांचा पाला घेत नाही. दादांचा नियम!

आमच्या झाडालाही रोग आहे, बरं का. मे महिन्यात काही तुती पिकून काळ्या होण्याऐवजी फिकट आणि फुगीर होतात, थेट पॉपकॉर्नसारख्या. या रोगाला इथे ‘पॉपकॉर्न डिसीज’ असंच म्हणतात. बुरशी फळापुरती, पानाला त्रास नाही. रोगट फळं खाली पडतात, त्यातली बुरशी जमिनीत हिवाळा काढते आणि पुढच्या वसंतात फुलांवर चढते. उपाय एकच, पडलेली फळं वेचून कचऱ्यात टाकणे. लेक आणि आम्ही एका शनिवारी दोन बादल्या भरतो. औषधाचा खर्च शून्य, कंबरेचा थोडा.

असो. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी मंडळातल्या कुणाच्या तरी मुलांच्या शाळेत अळ्या येतात आणि पाल्याची शोधाशोध सुरू होते. रस्त्याकडेच्या झाडाचा पाला तोडू नका, त्यावर कुणी काय मारलंय कळत नाही. आमच्या झाडावर काहीही फवारलेलं नाही. मंडळाकडे निरोप ठेवा, हवा तेवढा पाला घेऊन जा. कुंपणाकडची बाजू सोडून.