शिलाईखोलीतली कंपनी

सातारा

प्रिय शैला,

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, चार मशिनी आणि एक खोली, त्याला कंपनी कशाला हवी?" तुझ्याकडे रात्र होत आली होती, म्हणून तेव्हा विषय आवरला. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. तूही तिकडे न्यू जर्सीत एडिसनला शिवलेल्या नऊवाऱ्या विकायला ठेवायचं म्हणते आहेस, तेव्हा सविस्तर लिहिते.

पूर्वी माझं काम कसं होतं ते तुला माहीत आहे. बाई आपली साडी घेऊन यायची, मी मापं घ्यायची, काष्टा शिवून द्यायची, शिलाई घ्यायची, व्यवहार संपला. त्या कामाला कंपनीची काही गरज नव्हती. तशी शिलाई आजही करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी स्पष्ट सांगते की उद्यम नोंदणी करा, ती फुकट असते, बँकेत वेगळं खातं काढा आणि निवांत राहा.

पण आता शाळांची स्नेहसंमेलनं, लेझीम पथकं, लग्नसोहळ्यांचं नियोजन करणारे लोक असे गठ्ठ्याने मागणी देतात. ते ॲडव्हान्स देतात. साड्या मी इचलकरंजी आणि सुरतच्या ठोक व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलते. म्हणजे कुठल्याही महिन्यात माझ्या हातात दुसऱ्याचे पैसे असतात आणि माझ्या डोक्यावर दुसऱ्याची उधारी असते. माझ्या मते हाच प्रश्न स्वतःला विचारायचा. उलाढाल किती, बायका किती कामाला, हे नंतर. दुसऱ्याचा पैसा मधे आला की धंदा आणि घर यांत भिंत हवी. एकटीच्या नावावरच्या धंद्यात कायदा ही भिंत मानतच नाही. धंद्याचं देणं ते माझं देणं. माझी ठेव, माझे दागिने, सगळं त्यात येतं.

आमच्या ओळखीतल्या एक बाई लग्नाच्या जेवणांची कामं घ्यायच्या. 2020 च्या टाळेबंदीत लग्नं रद्द झाली, लोकांनी ॲडव्हान्स परत मागितला आणि किराणा मात्र आधीच उचललेला. त्यांचा त्यात काडीचा दोष नव्हता. शेवटी आईने दिलेल्या पाटल्या मोडून त्यांनी सगळ्यांचे पैसे चुकते केले. त्या पाटल्यांचं मला आजही वाईट वाटतं.

तू इतिहास शिकवायचीस म्हणून तुला एक जुना खटला सांगते. माझ्या सीएंनी सांगितला आणि मग मी शोधून वाचला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात अॅरन सालोमन नावाचा बुटांचा कारखानदार होता. 1892 मध्ये त्याने आपला धंदा कंपनीला विकला. तेव्हाच्या कायद्याला सात भागधारक लागायचे, म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक भाग दिला आणि बाकीचे सगळे, वीस हजारांवर, स्वतःकडे ठेवले. विकलेल्या धंद्याच्या किमतीपैकी काही रक्कम कंपनीने त्याचं कर्ज म्हणून लिहून दिली. पुढे धंदा बसला. घेणेकऱ्यांच्या बाजूने म्हणणं आलं, ही कसली कंपनी, हा तर सालोमनच. खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र निकाल फिरवला. कागदोपत्री रीतसर नोंदलेली कंपनी ही निराळी व्यक्ती आहे, तिचं देणं तिचं, सालोमनचं नाही, असं ठरलं. आज भारतातला कंपनी कायदाही याच पायावर उभा आहे.

आता त्यातली मला टोचलेली गोष्ट. तारण नसलेल्या साध्या घेणेकऱ्यांच्या हाती काहीच लागलं नाही. कुणीतरी सालोमनला विश्वासाने चामडं दिलंच असेल ना? म्हणून कंपनी नोंदल्यावर मी पहिल्यांदा माझ्या इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांना स्वतः जाऊन सांगितलं की यापुढे बिल कंपनीच्या नावावर, आणि देणंही कंपनीचं. त्यांनी उधारीची मुदत निम्मी केली. मला ते रास्त वाटलं. माझी जोखीम कमी झाली ती कुणाच्या तरी अंगावर गेलीच आहे, आणि ते त्या माणसाला ठाऊक असायला हवं.

मी घेतली ती एकल व्यक्ती कंपनी, सगळे ओपीसी म्हणतात. 2013 च्या कायद्याने ती आली. त्याआधी एकटीला कंपनी काढायची तर दुसरा भागधारक नावापुरता शोधावा लागायचा. पन्नास लाखांच्या वर भांडवल किंवा दोन कोटींच्या वर उलाढाल गेली की ओपीसी बदलावीच लागे, ती अट 2021 पासून गेली. अनिवासी भारतीय नागरिकालाही तेव्हापासून ओपीसी काढता येते, फक्त वर्षात 182 दिवस भारतात राहणारा एक संचालक लागतो. दोघी मिळून करायचं असतं तर मी एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, घेतली असती. तिथे चाळीस लाखांची उलाढाल किंवा पंचवीस लाखांचं भांडवल ओलांडेपर्यंत लेखापरीक्षण सक्तीचं नाही. माझ्या कंपनीला मात्र रुपयाचा धंदा झाला नाही तरी लेखापरीक्षक नेमावाच लागतो, आणि त्याची फी दरवर्षी द्यायची.

नोंदणी सगळी ऑनलाइन. डिजिटल सही काढायची, नावासाठी दोन पर्याय द्यायचे, मग एकाच अर्जात कंपनी, पॅन, टॅन, बँक खातं. पंधरा लाखांपर्यंतच्या भांडवलाला सरकारी नोंदणी फी शून्य आहे, मुद्रांक शुल्क तेवढं लागतं. किमान भांडवलाची अट 2015 मध्येच निघाली. घराचा पत्ता चालतो. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल जोडलं. सासऱ्यांनी सही करण्याआधी सगळा मसुदा दोनदा वाचला आणि विचारलं, "घर तर कंपनीचं होत नाही ना?" नाही होत. कंपनीला फक्त पत्ता मिळतो.

दारावर पाटी मात्र लावावीच लागते. तिच्यावर कंपनीचं नाव आणि पत्ता हवा, आणि तो मजकूर त्या भागात चालणाऱ्या लिपीत असलाच पाहिजे असं कायदा म्हणतो. म्हणजे आपल्याकडे मराठीत. नावाखाली 'एकल व्यक्ती कंपनी' हेही लिहायचं. इतकी वर्षं शिवते आहे, पण माझ्या कामाची पाटी आमच्या दाराला कधी नव्हती. ती चढली त्या दिवशी मला फार आनंद झाला.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो एका छोट्या रकान्याने. ओपीसीला वारस नेमावा लागतो. माझ्यामागे, किंवा मला करार करण्याइतकी शुद्ध राहिली नाही तर, कंपनी कुणाकडे? जिला नेमायचं त्या व्यक्तीची लेखी संमती अर्जासोबत द्यायची आणि ती व्यक्ती सज्ञान हवी. आपल्या पिढीतल्या किती बायकांना कुणी विचारलंय, की तुझं काम तुझ्यानंतर कोण घेणार? आम्ही जेवायच्या टेबलावर बोललो. ह्यांनी स्वतःहून सांगितलं की लेकीचं नाव घाल, तिला मशीन कळतं, मला नाही. लेक एकोणीसची. ती आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, "मला हिशेबाची वही दाखव." त्या रात्री माय-लेकी उशिरापर्यंत वही घेऊन बसलो होतो.

आता भिंत कुठे तडकते ते नीट वाच, कारण लोक नोंदणी करतात आणि निर्धास्त होतात. बँक कंपनीला कर्ज देताना बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की त्या कर्जापुरती तू पुन्हा उघड्यावर. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असे हमीदार दिवाळखोरीच्या कारवाईत आणता येतात हे उचलून धरलं. म्हणून नवं ओव्हरलॉक मशीन मी बचतीतून घेतलं, कर्जातून नाही. शिवाय फसवणूक केली तर कंपनी आड येत नाही, आणि थकलेला आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही तर संचालकाच्या दारी येऊ शकतो.

रोजची शिस्त त्याहून कठीण. गल्ल्यातून दुधाचे पैसे द्यायचे नाहीत. मी कंपनीकडून पगार घेते. कंपनीला तो खर्च धरता येतो, आणि माझ्यावर कर लागलाच तर माझ्या उत्पन्नाप्रमाणे. जुन्या मशिनी मी कंपनीला रीतसर विकल्या आणि विमाही कंपनीच्या नावावर केला. का, ते सांगते. उत्तर आयर्लंडमधल्या मकॉरा नावाच्या जमीनदाराने आपलं लाकूड कंपनीला विकलं, पण विमा स्वतःच्या नावावर घेतला. लाकूड जळालं आणि 1925 मध्ये न्यायालय म्हणालं, लाकूड तुझं नाहीच, कंपनीचं आहे, तेव्हा भरपाई नाही. भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते.

वार्षिक विवरणपत्रं उशिरा गेली तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क. मी तारखा देवघराशेजारच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवल्या आहेत.

तुझं तिकडे सोपं आहे. एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्व कंपनी, हा प्रकार अमेरिकेत वायोमिंग राज्याने 1977 मध्ये पहिल्यांदा आणला, आता सगळ्या राज्यांत आहे. न्यू जर्सीत नोंदणीचे 125 डॉलर, दरवर्षीच्या अहवालाचे 75. एकटीची असेल तर तिचा नफा तुझ्याच विवरणपत्रात जातो आणि लेखापरीक्षणाची सक्ती नाही. पण शिस्त तीच, वेगळं खातं आणि करारावर कंपनीच्या वतीने सही. घरातून विक्री करायला तुमच्या गावच्या पालिकेची परवानगी लागते का ते आधी विचार.

आणि गणपतीची ऑर्डर या वेळी नीट करू. तुमच्या मंडळाच्या बायकांची मापं दरवेळेसारखी व्हॉट्सअॅपवर पाठव, पण पैसे माझ्या खात्यावर नकोत, कंपनीच्या चालू खात्यावर. निर्यातीसाठीचा आयईसी क्रमांक कंपनीच्या नावावर काढला आहे, तो बिलावर येईल. नऊवारीची उंची सांगताना चप्पल घालून मोजायला सांग, मागच्या वेळी दोघींचे काठ जमिनीला लागत होते.

तुझी,
मंगल