गाणं आपलं, गल्ला कोणाचा?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. गाण्याच्या अ‍ॅपला महिन्याला शे-सव्वाशे रुपये देणाऱ्यांसाठी आहे आणि जाहिराती सहन करत फुकट ऐकणाऱ्यांसाठीही आहे.

जून २०२५ मध्ये एक बातमी आली होती. स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक कंपनीने हेलसिंग या जर्मन कंपनीत मोठी गुंतवणूक केली. एकूण फेरी ६० कोटी युरोची. हेलसिंग लष्करांसाठी एआय सॉफ्टवेअर आणि ड्रोन बनवते. त्यानंतर डिअरहूफ, किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड अशा बँडनी आपली गाणी स्पॉटिफायवरून काढायची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये मॅसिव्ह अटॅकसारखं मोठं नावही त्यात आलं.

आता तुम्ही म्हणाल, यातलं एक नाव तरी आपल्याकडे कोण ऐकतं? ऐकतात. माझी पुण्यातली भाची ऐकते. तशी ती बीटीएसवाली, स्वतःला ‘आर्मी’ म्हणवते, पण तिच्या कानाला काही वर्ज्य नाही. तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं, “मी अ‍ॅप बंद केलं. माझ्या गाण्याच्या पैशातून ड्रोन नकोत. तुम्हीपण करा.” त्यावर तिच्या बाबांचं उत्तर, “मग आता यूट्यूबवर ऐकणार ना? ते काय पांडुरंगाचं देवस्थान आहे?”

ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले आणि विषय लग्नाच्या तारखेकडे वळला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण दोघांचंही खरं आहे. गुंतवणूक स्पॉटिफायची नव्हती, एक यांची खासगी होती, हे मान्य. पण ती संपत्ती उभी राहिली कशावर? लोकांच्या गाणी ऐकण्यावरच ना! आणि दुसरीकडे, हे दुकान सोडून जायचं कुठे? अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन, गूगल, जिओ. कुठल्याही दारावर कुणातरी महाकाय शेठचीच पाटी आहे.

नील यंग यांनी २०२२ मध्ये हेच अनुभवलं. स्पॉटिफायवरच्या एका पॉडकास्टमध्ये कोविडविषयी चुकीची माहिती पसरवली जाते म्हणून त्यांनी आपली गाणी काढून घेतली. जोनी मिचेलही त्यांच्यासोबत बाहेर पडल्या. दोन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, नील यंग परत आले. कारण त्यांनीच सांगितलं: तोच पॉडकास्ट आता अ‍ॅपल आणि अ‍ॅमेझॉनवरही आला, मग सगळीकडून गाणी काढली तर ती लोकांनी ऐकायची कुठे?

म्हणून मला वाटतं, कुठलं दुकान चांगलं आणि कुठलं वाईट, एवढ्यावर थांबून भागणार नाही. दुकानात दिलेला रुपया गाणाऱ्यापर्यंत पोचतो का, हे विचारायला हवं. आपण चाहते म्हणवतो ना स्वतःला? मग हा प्रश्न आपला आहे.

आणि तो आजचा नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळच्या रेकॉर्ड ऐका. गाणं संपता संपता गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव मोठ्याने सांगते. आपल्याला तो नखरा वाटतो. खरं कारण असं, की रेकॉर्ड जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव टाकायचं ते कळावं लागे. म्हणजे पहिल्या दिवसापासून गाणं इथलं, कारखाना तिथला, आणि आपलं नाव हरवू नये याची काळजी कलाकारालाच.

तरीही कंपनीला नुसत्या शिव्या घालून चालणार नाही. जिच्या दारात पाऊल टाकायला प्रतिष्ठित माणसं कचरायची, त्या गाणाऱ्या बाईचा आवाज रेकॉर्डने त्यांच्याच दिवाणखान्यात नेला. दरबार आणि बैठकीपलीकडचा श्रोता तयार झाला. कंपन्या आल्या नसत्या तर कित्येक आवाज त्या त्या माणसाबरोबरच गेले असते. हे ऋण आहेच. प्रश्न एवढाच, की त्या ऋणाचं व्याज किती पिढ्या फेडायचं?

साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात याच मुद्द्यावर खटका उडाला. लताबाईंचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलो, पैसे घेतले, व्यवहार संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांसारखा दिलदार माणूस दुसरा नाही, पण या भांडणात मी लताबाईंच्या बाजूने आहे. त्यांना त्या वयात कळलं होतं, की गाणं ही गवंड्याने एकदा बांधून दिलेली भिंत नव्हे. ते रोज नव्याने कमावत असतं. मग कमावणार कोण, हे आधीच ठरवायला हवं.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सिनेमाच्या गाण्यांच्या हक्काबाबत निर्मात्याचं पारडं जड झालं. गीतकार-संगीतकारांना यातून वाट काढायला २०१२ साल उजाडावं लागलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला आणि कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमागृहाबाहेर गाणं वाजलं तर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो हक्क करारात लिहून घेऊन काढता येणार नाही, असं कायद्यात आलं. गायक-वादकांच्या हक्कांचाही कायद्यात उल्लेख झाला. कागदावर.

कागदावर म्हणतो, कारण माझा एक मित्र हार्मोनियम वाजवतो. पंचवीस वर्षं साथ करतोय. एका कंपनीच्या अभंगांच्या अल्बममध्ये त्याने वाजवलं. त्या दिवसाचे पैसे पाकिटातून मिळाले. आज त्या अल्बमला यूट्यूबवर लाखो व्ह्यूज आहेत. खाली गायकाचं नाव आहे, कंपनीचं आहे, कॉलरट्यूनचा नंबरही आहे. वादकांची नावं नाहीत. आषाढीच्या दिवसांत ते गाणं चौकाचौकात वाजतं. टपरीवर चहा पिताना हा मला कोपराने ढोसतो आणि म्हणतो, “हे ऐक. हा माझा हात.” तक्रारीचा सूर नसतो. उलट आनंदच असतो त्याला. मला मात्र तो चहा गोड लागत नाही.

मधल्या काळात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने बाजार पालथा घातला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. जुन्या गाण्यांची कव्हर व्हर्जन काढायला कायद्यात वाट होती, तिचा पुरेपूर वापर झाला. तालुक्याच्या गावांत तर कोऱ्या कॅसेटवर यादीप्रमाणे गाणी भरून देणारी दुकानं होती. ऐकणाऱ्याचं भलं झालं, मोठा शेठ जाऊन दुसरा मोठा शेठ आला, आणि वाजवणारा होता तिथेच राहिला. गाणं स्वस्त होणं आणि कलाकाराला न्याय मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आता आजच्या अ‍ॅपचा हिशेब सांगतो. बहुतेकांना तो माहीत नसतो.

समजा, तुम्ही १०० रुपये भरले आणि महिनाभर फक्त एकाच मराठी गायिकेला ऐकलं. साधारण दोन तृतीयांश रक्कम हक्कधारकांना जाते, असं स्पॉटिफाय सांगतं. म्हणजे अंदाजे ६६ रुपये तिच्या वाट्याला जातील असं तुम्हाला वाटेल. तसं होत नाही. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या हंड्यात पडतात आणि एकूण जितक्या वेळा गाणी वाजली, त्यात ज्याचा जितका वाटा तितके पैसे त्याला. तुम्ही आयुष्यात न ऐकलेल्या सुपरस्टारकडे तुमच्या १०० रुपयांतला मोठा भाग जातो. तुमच्या गायिकेकडे जे येतं तेही आधी कंपनीकडे जातं, मग करारात असेल तसं तिच्याकडे.

त्यात २०२४ पासून नियम आला, की वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत काहीच मिळणार नाही. रक्कम तशीही किरकोळ असते, मान्य. पण ९०० लोकांनी मनापासून ऐकलं त्याची किंमत शून्य, हे कुणी ठरवलं? बोलीतल्या ओव्या रेकॉर्ड करून टाकणाऱ्या आजीबाईला १००० चा आकडा कुठून गाठता येणार?

दुसरी पद्धत अशक्य आहे का? मुळीच नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी तसं सुरू केलं: तुम्ही ज्याला ऐकलं, तुमचे पैसे त्याला. बँडकॅम्पवर तर थेट कलाकाराकडून गाणं विकत घेता येतं. ते साधारण १५ टक्के कापतात, बाकी बराचसा पैसा कलाकाराला जातो. पण बँडकॅम्पचीही गोष्ट ऐका. २०२२ मध्ये ती एपिक गेम्सने घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकली आणि जवळपास निम्मा स्टाफ घरी गेला. सज्जन दुकानाचा मालक रातोरात बदलू शकतो. म्हणून दुकानावर श्रद्धा नको.

मग भाचीने अ‍ॅप काढलं ते वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. एकट्याने सोडलेलं अ‍ॅप म्हणजे एक सुस्कारा, कंपनीच्या कानापर्यंत पोचत नाही. पण सुस्कारे एकत्र आले की काय होतं, हे मला तिच्याच जगातून कळलं. के-पॉपमध्ये फोटोकार्डसाठी एकाच अल्बमच्या चार-चार, दहा-दहा प्रती घ्यायला लावायची युक्ती असते. कुठलं कार्ड निघेल ते आधी कळत नाही. प्लॅस्टिकचा ढीग होतो. चाहत्यांनीच २०२१ मध्ये काढलेल्या ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ नावाच्या मोहिमेने या प्रकाराविरुद्धही आवाज उठवला. पुढे ह्युंदाईने इंडोनेशियात कोळशाच्या विजेवर बनणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमसाठी करार केला होता, त्याच्या मागे ही मंडळी लागली. बीटीएस ह्युंदाईच्या जाहिरातीत असायचे, म्हणजे चाहत्यांचं प्रेम वापरूनच गाडी विकली जात होती. हजारो सह्या गोळा झाल्या. ह्युंदाईने तो करार पुढे नेला नाही. एवढ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण विशी-बाविशीतली पोरं मोटार कंपनीला जाब विचारतात आणि आपण नाट्यगीतावर डोळे मिटून मान डोलावणारे रसिक साधं वादकांची नावं द्या म्हणून लिहीत नाही!

मला यातून जे उमगलं ते एवढंच: रागाला एक नेमकी मागणी हवी आणि ती मागणारे बरेच जण हवेत. “मोठ्या कंपन्या वाईट” ही मागणी नाही. “मी ऐकलं त्यालाच माझे पैसे द्या” ही मागणी आहे. “वादकांची नावं लिहा” ही मागणी आहे. “१००० ची अट काढा” ही मागणी आहे.

कुणी म्हणेल, थेट कलाकाराला पैसे दिले की सगळं पवित्र होतं का? तसंही नाही. तमाशाच्या फडात दौलतजादा थेटच व्हायची. नोट हातातून हातात जायची आणि नोट देणाऱ्याची नजर काय असायची, हेही आपल्याला माहीत आहे. आश्रयदात्याचा माज नको आणि उपकाराची भाषाही नको. मानधन हा शब्द आपल्याकडे उगाच नाही. मान आधी आहे.

मी अ‍ॅप ठेवलंय. भाचीशी त्यावर माझं एकमत नाही, तिचंही माझ्याशी नाही. पण तेवढेच पैसे दरमहा बाजूला काढतो आणि तिकीट काढून एका छोट्या कार्यक्रमाला जातो. पास मागत नाही. ओळखीच्या कलाकाराला “जरा घरी येऊन दोन गाणी म्हण ना” असं म्हणताना पाकीट तयार ठेवतो. व्हिडिओखाली “अप्रतिम” लिहिण्याऐवजी “तबल्यावर कोण आहे?” असं विचारतो. चार वेळा उत्तर येत नाही, पाचव्यांदा येतं. मागच्या महिन्यात एका चॅनलने खाली नावं टाकलीसुद्धा.

तुमच्याकडून एवढंच हवंय. तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या एका गायक, वादक किंवा शाहिराचं नाव आणि त्यांचं गाणं किंवा कार्यक्रमाचं तिकीट थेट कुठे मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. मोठी नावं नकोत, त्यांना आपली गरज नाही. यादी झाली की मी वेगळी पोस्ट करून टाकतो. आणि बहिष्कारच योग्य असं ज्यांना वाटतं त्यांनीही जरूर लिहा. भांडू, पण गाण्यावरून भांडू.