वायनाडचा रिता गाभारा

कोझिकोडहून थामरशेरी घाटाची नऊ अवघड वळणे चढून आम्ही केरळच्या वायनाडमध्ये पोहोचलो, तेव्हा मार्च महिना होता. नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती. कॉफीची झाडे या सरीचीच वाट पाहत असतात. पाणी मिळाले की थोड्याच दिवसांत फांद्या शुभ्र फुलांनी लगडतात आणि जाईजुईसारखा गंध दरवळतो. येथे मुख्यतः रोबस्टा कॉफी होते, तीही सावलीत. वर सिल्व्हर ओक, त्याच्या बुंध्याला बिलगलेला मिरीचा वेल आणि खाली कॉफी, असा हा एकत्र संसार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलतान बत्तेरीच्या प्राचीन जैन बसदीत गेलो. देवदर्शनाशिवाय अन्नपाणी न घेण्याचा सासूबाईंचा नियम आहे. विजयनगर शैलीची दगडी वास्तू, खांबांवर सुबक नक्षी. परंतु गाभारा रिता! टिपू सुलतानाच्या सैन्याने येथे दारूगोळा ठेवला. इंग्रज त्यास ‘सुलतान्स बॅटरी’ म्हणू लागले. गणपतीवट्टम हे जुने नाव मागे पडले आणि गावच बत्तेरी झाले. अहिंसेच्या मंदिरावरून गावाला तोफखान्याचे नाव मिळावे, हा केवढा दैवदुर्विलास! आज वास्तू पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. पूजा मात्र होत नाही.

ऊन चढू लागले. ‘‘आई, निदान घोटभर पाणी तरी घ्या,’’ मी विनवले. त्यांनी रित्या गाभाऱ्यापुढे णमोकार मंत्र म्हटला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘मंदिर आहे, म्हणजे श्रावकांची घरे असणारच. त्यांचा देव कुठे आहे, ते विचारा.’’

गाडीच्या चालकाने चौकशी केली आणि कॉफीच्या बागांमधून आम्हांला कल्पेट्टाजवळच्या पुलियारमला येथे नेले. तेथे अनंतनाथस्वामींचे मंदिर आहे. पूर्वी कर्नाटकातून आलेली येथील जैन कुटुंबे संख्येने थोडीच. पण अनेकांनी कॉफी-मिरीच्या बागा फुलवल्या. ‘मातृभूमी’ या मल्याळम दैनिकाची धुरा वाहिलेले दिवंगत लेखक एम. पी. वीरेंद्रकुमार याच समाजातले होते.

चौदाव्या तीर्थंकरांसमोर सासूबाई बराच वेळ बसल्या. बाहेर येऊन पाणी प्यायल्या, तेव्हा दुपार झाली होती.

परतताना बत्तेरीत त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या नाहीत; आतूनच त्या बसदीच्या दिशेने हात जोडले. वायनाडला जाणाऱ्यांनी ही दोन्ही मंदिरे अवश्य पाहावीत, आणि शक्य तो याच क्रमाने.