त्याच्या नावाने अठरा होल

चि. निनाद,

तुझं पत्र मिळालं. गेलेल्या सहकाऱ्याच्या स्मरणार्थ तुमच्या ऑफिसातली माणसं गोल्फची स्पर्धा भरवताहेत आणि नाव नोंदवायला तुझं मन धजत नाही. माणूस गेला की त्याच्या फोटोला हार घालावा, वर्षश्राद्ध करावं, फार तर एखाद्या शाळेला देणगी द्यावी. उन्हात हसतखेळत चेंडू मारायचा आणि त्याला स्मरण म्हणायचं, हे तुला पटत नाही. शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत मात्र आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाची आठवण आपल्या बोलण्यात असते त्याहून अधिक हातापायांच्या सवयींत असते. तिला भेटायचं तर काहीतरी करावं लागतं, आणि गोल्फ हे तसं करण्याचं एक उत्तम साधन आहे.

आपलं श्राद्धच घे. त्यात भाषण कुठे असतं? भाताचे पिंड वळायचे, दर्भ ठेवायचा, तिलोदक सोडायचं, पान वाढायचं आणि कावळ्याची वाट बघत उभं राहायचं. गेलेल्याला जे आवडायचं ते मुद्दाम त्या दिवशी रांधायचं. शोकात माणसाला काय बोलावं हे सुचत नाही, पण काय करायचं हे सांगितलं तर तो ते करू शकतो, हे आपल्या पूर्वजांना नीट कळलेलं होतं. आता तुझ्या अमेरिकेतली एक गोष्ट बघ. टॉम वॉटसन या मोठ्या गोल्फरची बॅग ब्रूस एडवर्ड्स या कॅडीने १९७३ पासून वाहिली. एडवर्ड्सला एएलएस झाला, म्हणजे शरीराचे स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार. ८ एप्रिल २००४ रोजी, त्या वर्षीचं मास्टर्स, म्हणजे ऑगस्टाला भरणारी गोल्फची मोठी स्पर्धा, सुरू झालं त्याच दिवशी, तो गेला. २०१६ मध्ये वॉटसन आपलं शेवटचं मास्टर्स खेळला, तेव्हा ऑगस्टाच्या तेराव्या टीजवळच्या बाकावर त्याने एडवर्ड्ससाठी अंड्याच्या सॅलडचं एक सँडविच ठेवलं. मला तर हे श्राद्धाचं पानच वाटतं. कोणी शिकवलं नाही, कोणी मंत्र सांगितला नाही, तरी माणसाचा हात तिकडेच वळला.

पण खेळच का, आणि खेळांतला गोल्फच का? बहुतेक खेळांत समोर प्रतिस्पर्धी लागतो आणि तो जिवंत असावा लागतो. गोल्फर मुख्यतः मैदानाशी खेळतो. मैदान माणसापेक्षा जास्त टिकतं. ज्या उतारावर तो थबकायचा, ज्या वाळूच्या खड्ड्यात त्याचा चेंडू हमखास जायचा, त्या जागा तशाच असतात आणि आज तिथे आपण उभे असतो. अठरा होलना चार-पाच तास लागतात, पण चेंडू मारण्यात त्यातली मोजकी मिनिटंच जातात. उरलेला वेळ शेजारी शेजारी चालण्याचा. समोरासमोर बसून ज्याच्याविषयी बोलवत नाही, त्याच्याविषयी दोन माणसं बरोबरीने चालताना, समोरच्या गवताकडे बघत, सहज बोलू शकतात. सर्वांत मोठं कारण हाताचं आहे. गोल्फ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. मूठ कशी बसवायची, खांदा किती वळवायचा, पट करताना, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलताना, डोकं कसं स्थिर ठेवायचं, हे शिकवणारा गेला तरी शिकणाऱ्याच्या अंगात उरतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे गोल्फर बेन क्रेनशॉ. ऑस्टिनचे हार्वी पेनिक हे त्याचे लहानपणापासूनचे गुरू. शेवटच्या आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी त्याला पटिंगचा धडा दिला, आणि २ एप्रिल १९९५ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले. मास्टर्सच्या आदल्या दिवशी, बुधवारी, क्रेनशॉ ऑस्टिनला गेला, गुरूच्या शवपेटीला खांदा दिला आणि ऑगस्टाला परत आला. रविवारी अखेरचा पट पडला आणि मास्टर्स त्याचं झालं, तेव्हा तो तिथेच वाकून रडला आणि कॅडी कार्ल जॅक्सनने त्याला सावरलं. एका फटक्याने मागे राहिलेला डेव्हिस लव्ह (तिसरा) याचे वडीलही पेनिक यांचेच शिष्य होते, आणि १९८८ मध्ये ते विमान अपघातात गेले होते. पहिल्या दोन्ही जागांवर त्या दिवशी एकाच वृद्धाचं शिकवणं उभं होतं. लोक ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतात, ते मला फारसं रुचत नाही. क्रेनशॉ पहिल्या दोन दिवसांतच बाद झाला असता तरी त्याचं खेळणं तितकंच योग्य ठरलं असतं. गुरूने शिकवलेली मूठ त्या आठवड्यात त्याने धरली, माझ्या लेखी मुद्दा एवढाच.

तू म्हणशील, हे व्यावसायिक खेळाडू. त्यांना खेळणं भागच आहे, त्याला स्मरणाचा मुलामा नंतर चढवला जातो. तर पेन स्ट्युअर्टचं उदाहरण बघ. जून १९९९ मध्ये त्याने पाइनहर्स्टला यूएस ओपन जिंकली. २५ ऑक्टोबरला ऑर्लँडोहून निघालेल्या त्याच्या लिअरजेट विमानातला हवेचा दाब गेला, आतले सगळे बेशुद्ध झाले, आणि इंधन संपेपर्यंत आपोआप उडत राहिलेलं ते विमान साउथ डकोटात कोसळलं. सहाही जण गेले. स्ट्युअर्ट ४२ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात ह्यूस्टनला टूर चॅम्पियनशिप होती. शुक्रवारी खेळ बंद ठेवून खेळाडू ऑर्लँडोला श्रद्धांजली सभेला गेले, आणि रविवारी अनेकांनी तो घालायचा तशा गुडघ्यापर्यंतच्या तुमानी घातल्या. पुढच्या जूनमध्ये पेबल बीचच्या यूएस ओपनला तो गतविजेता म्हणून यायचा होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी एकवीस गोल्फर अठराव्या फेअरवेवर ओळीने उभे राहिले आणि त्यांनी पॅसिफिकच्या दिशेने चेंडू मारले. एकवीस तोफांची सलामी देतात तशी ही सलामी. या फटक्यांची नोंद कुठल्याही स्कोअरकार्डावर नाही आणि त्यांना बक्षीसही नाही. व्यवसायाचा काडीचा संबंध नसतानाही या माणसांना आपल्या मित्रासाठी करावंसं वाटलं ते हेच. (समुद्रात चेंडू टाकणं आज मला मान्य होणार नाही, समुद्राला पाठ करून मारले असते तरी सलामी कमी झाली नसती.)

दुसरी हरकत अधिक खोल आहे. आपल्याकडे सुतक असतं. दहा दिवस नेहमीच्या व्यवहारापासून दूर राहायचं, तेराव्यापर्यंत घराने थांबायचं. लगेच मैदानात उतरणं हे त्या थांबण्याला नाकारणं नाही का? थांबण्याची गरज मी नाकारत नाही. पण सुतकालाही शेवट आहे, आणि तो कधी यावा हे सगळ्यांना एकाच मापाने ठरवता येत नाही. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर १९ मे १९९९ रोजी गेले. सचिन विश्वचषक सोडून मुंबईला आला, अंत्यसंस्कारानंतर परत गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. त्या खेळीला आपण वडिलांचा अनादर म्हणत नाही. गोल्फर डॅरेन क्लार्कची पत्नी हेदर १३ ऑगस्ट २००६ रोजी स्तनाच्या कर्करोगाने गेली, आणि सहा आठवड्यांनी तो आयर्लंडमधल्या के क्लबवर रायडर कप खेळला. तिन्ही सामने जिंकला. यावरून त्याचा शोक खेळाने संपला, असं कोणी समजू नये. शोक संपवण्याचं औषध म्हणून मी गोल्फची शिफारस करतच नाही. शोक बरोबर घेऊन चालायला जागा मिळते, इतकाच माझा दावा आहे.

आता तुमच्या स्पर्धेकडे येतो. पैसेवाल्यांचा खेळ, जाहिरातदारांच्या पाट्या, देणगीच्या नावाखाली करसवलत, असं तू लिहिलं आहेस. गोल्फच्या एका मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन आणि भरपूर पाणी लागतं, हे खरंच आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही, फक्त एका स्मरणस्पर्धेसाठी नवं मैदान कोणी खणत नाही आणि अमेरिकेतली बहुतेक मैदानं शुल्क भरून कोणालाही खुली आहेत, एवढं सांगतो. कराचं म्हणशील तर तिथला कायदा तुझ्या समजुतीपेक्षा कडक आहे: शुल्कातून खेळाची आणि जेवणाची वाजवी किंमत वजा करून उरेल तेवढीच रक्कम देणगी धरली जाते, आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर हा हिशेब संस्थेने लेखी द्यावा लागतो. पैशाचं पुढे काय होतं हे मात्र तू जरूर विचार. फोल्ड्स ऑफ ऑनर ही संस्था २००७ मध्ये एका एफ-१६ वैमानिकाने काढली, तो स्वतः व्यावसायिक गोल्फरही आहे. मारल्या गेलेल्या आणि अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांना आणि जोडीदारांना ती शिष्यवृत्त्या देते आणि गोल्फ खेळणाऱ्यांकडून पैसा उभा करते. गेलेल्याच्या नावाने कोणाची तरी फी भरली जात असेल, तर टीजवळची पाटी मला खुपत नाही. पैसा कुठे जातो हे आयोजक सांगू शकत नसतील, तर मात्र तू जाऊ नकोस.

आणि तुला नीट खेळता येत नाही ही सबब चालायची नाही. अशा स्पर्धा बहुधा स्क्रॅम्बल पद्धतीने खेळतात. चौघांचा गट, चौघेही मारतात, सर्वांत चांगला पडलेला चेंडू निवडतात आणि पुढचा फटका चौघेही तिथूनच मारतात. शॉटगन स्टार्ट असल्यामुळे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून निघतात आणि साधारण एकाच वेळी जेवायला परततात. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. नवशिक्याची चूक इथे कोणाला भोवत नाही. जो कधी खेळला नाही तो मेहुणा, शेजारी किंवा तुझ्यासारखा सहकारीही पंगतीत बसल्यासारखा सामील होतो, आणि पंगत एकदमच उठते. काही जण अस्थीच मैदानावर विखुरण्याचा हट्ट धरतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. राखेतल्या क्षारांनी ग्रीनचं गवत जळतं आणि मैदानाच्या माळ्याला उगाच ताप होतो.

तेव्हा नाव नोंदव. त्याच्याबरोबर नेहमी खेळणाऱ्यांच्या गटात जागा माग, तो कोणत्या होलवर अडायचा ते त्यांना विचार, आणि तिथे पोचलास की घाई न करता मार. काय बोलणं झालं ते मला सावकाश लिही.

कळावे.

तुझा,
मामा